आवाजाचे ऋण

धर्मग्रामातील माणसे धर्मगुरूकडे केवळ प्रार्थनेची विनंती घेऊन येतात असे नाही. कुणी मोडीतला जुना कागद वाचून मागतो, कुणी आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधायला सांगतो, कुणाला घरातल्या वाटणीत मध्यस्थ हवा असतो. गेल्या वर्षी मला एक निराळीच विनंती आली. ती माझ्या धर्मग्रामातून आली नाही. वाशीम-पुसद रस्त्यावरील अनसिंग या गावातून आली. तिथले एक निवृत्त शिक्षक माझे जुने स्नेही आहेत. त्यांनी दूरध्वनीवर विचारले, “फादर, मायची ती कॅसेट अजून आहे का तुमच्याकडे? तिचे दोन फोटो आहेत घरात. पण ती बोलायची कशी, हे माझ्या नातवंडांना ठाऊक नाही.”

कॅसेट माझ्याकडे होती. सन १९९४ मध्ये, सेमिनरीतील शिक्षण चालू असताना, सुट्टीत मी विदर्भात हिंडलो होतो. अनसिंग तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. वाशीम हा स्वतंत्र जिल्हा १९९८ मध्ये झाला. जात्यावरच्या ओव्या ऐकण्याचा मला नाद होता. गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षे लोटली होती. तरी गुरुजींच्या घरी डाळ भरडायला जाते होते. माझ्या आग्रहास्तव आजी त्यावर बसल्या आणि वीसएक मिनिटे गायल्या. माझा छोटा टेपरेकॉर्डर शेजारी सारवलेल्या जमिनीवर ठेवलेला होता. गाणे संपताच गुरुजींनी मला शेत दाखवायला नेले. यंत्र बंद करायचे मी विसरलो, आणि फीत संपेपर्यंत ते चालत राहिले. परत आल्यावर मी कॅसेट काढून पिशवीत टाकली. पुढे ओव्या दोन-तीनदा ऐकल्या, काही उतरवून घेतल्या. त्यांच्या पुढचा भाग मात्र तीस वर्षे कधीच ऐकला नाही. आजी २००३ मध्ये वारल्या.

फितीवरचा आवाज संगणकात घेऊन त्याची तबकडी करून द्यायची, एवढेच काम होते. आमच्या धर्मग्रामातील एक महाविद्यालयीन तरुण या कामात वाकबगार आहे. त्याच्या शेजारी बसून मी जे शिकलो, ते आधी थोडक्यात सांगतो. कारण पुढचा नैतिक प्रश्न या तंत्रातूनच निर्माण झाला.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये जगापुढे आणलेल्या या कॅसेटमधली फीत चार मिलिमीटरांहूनही अरुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या गतीने सरकते. प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहाच्या संयुगाची बारीक पूड बसवलेली असते आणि त्या कणांच्या चुंबकत्वात आवाज साठतो. काळाबरोबर कण धरून ठेवणारा लेप सैल होतो, पावसाळ्यात फितीला बुरशी चढते, आणि फितीला यंत्राच्या हेडवर दाबून धरणारा नमद्याचा छोटा तुकडा गळून पडतो. आमच्या कॅसेटचा तो तुकडा गळालेला होता. तरुणाने फीत अलगद काढून दुसऱ्या, स्क्रूच्या कवचात बसवली. मग अल्कोहोलने हेड पुसले आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरे स्वच्छ ऐकू येईपर्यंत त्याचा कोन एका स्क्रूने जुळवला. नंतर वायर जोडून आवाज संगणकात घेतला. संगणक त्या आवाजाचे सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घेतो आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदवतो. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ध्वनितबकडीचे हेच परिमाण आहे.

या सगळ्यात एका गोष्टीने मला विचारात पाडले. छायाचित्राची नक्कल क्षणात होते. पण अर्ध्या तासाची फीत उतरवून घ्यायला अर्धा तासच लागतो. सांत ऑगस्टीन (३५४-४३०) यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या अकराव्या भागात काळाचे स्वरूप उलगडताना पाठ असलेल्या स्तोत्राचे उदाहरण घेतले आहे. म्हणायला आरंभ करण्यापूर्वी सगळे स्तोत्र आपल्या अपेक्षेत असते. जसजसे ते उच्चारले जाते, तसतसे अपेक्षेतून निघून स्मृतीत जाते. आणि या दोहोंमध्ये मन ताणलेले असते. आवाजाला जाण्यासाठी काळच लागतो आणि तो ऐकणाऱ्याला तितकाच काळ द्यावा लागतो. आजींच्या आवाजाला तीस वर्षांत मी तो काळ दिला नव्हता, हे त्या यंत्राशेजारी बसल्यावर मला प्रथम जाणवले.

आता मूळ घटनेकडे वळतो. आवाज संगणकात आल्यावर तरुणाने तो ‘साफ’ केला. पद्धत अशी की, ज्या जागी नुसती खरखर आहे असा तुकडा संगणकाला दाखवायचा. मग त्या नमुन्याशी जुळणारे सारे तो सबंध ध्वनिमुद्रणातून वजा करतो. तरुणाने दोन ओव्यांमधला असा तुकडा निवडला. तिथे आजींचा आवाज नव्हता, नुसती घरघर होती. परिणामी फितीची खरखर गेली आणि तिच्याबरोबर जातेही गेले. राहिला एक सुटा, पोकळ आवाज, जणू रिकाम्या विहिरीतून यावा तसा. मी म्हणालो, “अरे, जाते कुठे गेले?” तो म्हणाला, “फादर, ते नॉईजमध्ये गेले.”

त्या मुलाला हसण्याचे कारण नाही. त्याने जाते कधी ऐकलेलेच नव्हते. ऐकलेली वस्तूच ओळखू येते. तथापि ज्यांनी ओव्यांचे काम जन्मभर केले, त्यांना जाते हा गोंगाट वाटला नाही. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. पॉइटवाँ २००४ मध्ये वारले, पुढे हेमाताईही गेल्या. २०१७ पासून हे भांडार ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागले. त्यात ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव आवर्जून दिलेले असते. ओवी कुणाची तरी आहे, ती कुणीतरी कुठेतरी बसून गायली आहे, हे त्या संग्राहकांनी पुसू दिले नाही. आमच्या साफ केलेल्या नकलेत मात्र नेमके तेच पुसले गेले होते.

त्या साफ केलेल्या नकलेत ओव्यांनंतरचा भाग मी ऐकू लागलो. भांड्यांचा आवाज, दार, आणि मग शेजारीण आल्याची चाहूल. शेजारणीने आजींच्या थोरल्या लेकीविषयी काही विचारले. उत्तरात आजींचा आवाज स्पष्ट ऐकू आला : “पोरगी पास झाली होती, बाई. म्याच तिले सांगतलं का तू नापास झाली.”

मी फीत मागे घेऊन पुन्हा ऐकली. पुढच्या-मागच्या वाक्यांवरून अर्थ उलगडला. १९७२ च्या दुष्काळाने घर मोडकळीला आले होते. १९७३ च्या उन्हाळ्यात आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. दोन मुलांच्या शाळेचे ओझे पेलवत नव्हते, आणि तान्ह्या मुलाला सांभाळायला घरी कुणी हवे होते. थोरली मुलगी सातवीत होती. निकाल आणायला आजी स्वतः गेल्या आणि घरी येऊन मुलीला सांगितले की तू नापास झालीस. मुलीची शाळा सुटली. धाकटा भाऊ शिकत राहिला आणि पुढे शिक्षक झाला. तोच माझा स्नेही. ती बहीण आज साठी ओलांडून गेली आहे, जवळच्याच गावी नांदते. आणि आपण ‘डोक्याने मंद’ असे स्वतःविषयी हसत हसत सांगताना मी तिला ऐकले आहे.

खरे सांगायचे, तर त्या क्षणी मला आजींचा राग आला. आईने लेकीशी असे करावे, ते शेजारणीला सहज सांगावे आणि त्यावर एक शब्दही बोलू नये! नंतर मनात एक शंका आली, म्हणून तरुणाकडून मूळची, साफ न केलेली नक्कल मागून घेतली. त्याने ती जपून ठेवली होती, हे आमचे भाग्य. खरखरीतून, जमिनीवर दूर ठेवलेल्या यंत्रापर्यंत जेमतेम पोचलेला आणखी एक आवाज त्यात होता. आजी तोंड फिरवून, अगदी हळू म्हणत होत्या : “सांगू सांगू म्हन्ते तिले... तोंड उघडत नाही.” पुढे बराच वेळ काहीच नव्हते. हे वाक्य इतके क्षीण होते की संगणकाने ते खरखरीतच जमा केले होते. साफ केलेल्या नकलेत आईचे पाप राहिले होते आणि पश्चात्ताप वजा झाला होता. तीच नक्कल कुटुंबाच्या हाती गेली असती, तर आम्ही एका मृत स्त्रीविरुद्ध खोटी साक्ष दिली असती. तीही एकही शब्द न बदलता.

येथे माझ्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. गुरुजींनी ओव्या मागितल्या होत्या. हे मागितले नव्हते. ते पुसून टाकावे? ठेवावे? सांगावे? आणि कुणाला?

हा पापनिवेदनाचा प्रसंग नव्हता. तसा असता तर प्रश्नच उद्भवला नसता. ते ओठ कायमचे मिटलेले असतात. तथापि गुपिताचे बंधन पापनिवेदनापुरतेच असते असे नाही. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांला गुपितांचे तीन प्रकार सांगितले जात. विश्वासाने सोपवलेले गुपित, वचन देऊन पत्करलेले गुपित, आणि नैसर्गिक गुपित, म्हणजे योगायोगाने कळलेली अशी गोष्ट की जी उघड केल्यास दुसऱ्याला इजा होईल. तिसऱ्या प्रकारात कुणी वचन घेतलेले नसते, तरी बंधन असते. दुसऱ्याचा खरा दोषही कारणावाचून उघड करणे हे पाप आहे, आणि मृतांनाही अब्रू असते. मी आजींची परवानगी घेऊन ओव्या मुद्रित केल्या होत्या. शेजारणीशी झालेले बोलणे मुद्रित करण्याची परवानगी घेतली नव्हती. माझ्या निष्काळजीपणामुळे त्यांच्या घरात त्यांना ठाऊक नसलेला एक कान उघडा राहिला. पुढे काही चांगले घडले म्हणून ही चूक चूक नव्हती, असे मी म्हणणार नाही.

हे झाले एका बाजूचे. दुसऱ्या बाजूला ती बहीण आहे. नैसर्गिक गुपिताचे बंधन निरपवाद नाही. ते पाळल्याने कुणा जिवंत माणसाचे गंभीर नुकसान होत असेल, तर ते सैल होते, असेही तेच शास्त्र सांगते. पन्नासहून अधिक वर्षे एक स्त्री स्वतःविषयी एक असत्य खरे मानून जगत आली. ते असत्य तिच्या मालकीचे नव्हते. ते तिच्यावर लादलेले होते. तिच्या आयुष्याविषयीचे सत्य कुणाच्या मालकीचे? आईचे? भावाचे? की केवळ कॅसेट माझ्या कपाटात होती म्हणून माझे?

आणि आजींचे ते अर्धवट वाक्य? त्यांना सांगायचे होते, म्हणून आता मी सांगणे म्हणजे त्यांचीच इच्छा पुरी करणे, असा युक्तिवाद मला फार सोयीचा वाटला. म्हणूनच मी त्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. ‘सांगू सांगू’ आपण सगळेच म्हणतो. त्यातले किती खरेच सांगायचे असते आणि किती न सांगण्याचे समाधान असते, ते आपल्यालाही ठाऊक नसते. तरी एवढे निश्चित की, ते वाक्य ऐकल्यावर फीत पुसून टाकण्याचा अधिकार मला उरला नाही. पुसणे हा मौनाचा प्रकार नव्हे. मौन उद्या सोडता येते. पुसलेले परत आणता येत नाही.

नकलाकाराचे कर्तव्य काय, यावर विचार करताना मला फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची आठवण झाली. ते १६१६ मध्ये प्रथम छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही; परंतु त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो हातांनी उतरवलेल्या पोथ्यांमुळे, आणि अशा पोथ्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. मूळ नष्ट झाल्यावर पुढच्या पिढ्यांना नकलाकाराच्या प्रामाणिकपणावरच विसंबावे लागते. नकलाकाराने काही गाळले, तर गाळले आहे असे त्याने लिहावे. त्याने जागा कोरी सोडली तर वाचक शोध घेईल. गाळून ओळी जुळवून टाकल्या, तर शोध घ्यायचा आहे हेच कुणाला कळणार नाही. गाळणे कधी कधी क्षम्य असते. गाळलेच नाही असे भासवणे क्षम्य नाही.

मी अनसिंगला गेलो आणि गुरुजींना एकट्यांना ती फीत ऐकवली. ते बराच वेळ पायांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “फादर, तेवढं कापून टाका. ताईला या वयात कशाला?” त्यांचा हेतू मला वाईट वाटला नाही. तथापि त्यांच्या स्वतःच्या शिक्षणाची किंमत त्या क्षणी त्यांना कळली होती, आणि आपल्याला ताईची चिंता आहे की स्वतःची, हे त्यांना त्या दिवशी सांगता आले नसते. मी त्यांना माझी भूमिका स्पष्ट सांगितली. नातवंडांसाठी मी केवळ ओव्यांची तबकडी देईन आणि वेष्टनावर लिहीन की हा फितीचा एक भाग आहे, पूर्ण फीत वेगळी जपलेली आहे. मूळ फीत आणि न साफ केलेली नक्कल मी नष्ट करणार नाही. तुमच्या मागे ताईंना काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारले, तर काही नाही असेही म्हणणार नाही.

दीड महिन्याने त्यांचा दूरध्वनी आला. “ताईला बोलावलं आहे. तुम्ही या. मी एकटा नाही ऐकवू शकत.”

ताई ओसरीवर बसून होत्या. आधी ओव्या लावल्या, जात्यासकट. त्या ऐकताना त्यांचा उजवा हात गुडघ्यावर हलकेच गोल फिरत होता. नंतर गुरुजींनी स्वतःच पुढचा भाग लावला. मी लावणार होतो, त्यांनी मला थांबवले. आईचे पहिले वाक्य झाले, दुसरे झाले, त्यामागची ती लांब शांतता झाली. कुणी रडले नाही. ताईंनी पदर सारखा केला आणि भावाला विचारले, “किती मार्क होते मले?”

याचे उत्तर फितीवर नव्हते. गुरुजी दुसऱ्याच दिवशी शाळेत जुने निकालपत्रक शोधायला गेले. ते अद्याप हाती आलेले नाही. शोध चालू आहे. ताई मात्र दर आठवड्याला दूरध्वनी करून विचारतात.

आपल्या आईला क्षमा केली का, हे मी त्यांना विचारले नाही आणि विचारणारही नाही. क्षमा करायची तर कशाची, हे आधी माणसाला ठाऊक असावे लागते. तेवढे त्यांना आता ठाऊक झाले आहे. आईने आपल्याला फसवले हे कळले आणि त्याच श्वासात आईला त्याचा सल होता हेही कळले. पहिले कळून दुसरे न कळते, तर ते सत्य अर्धे राहिले असते, आणि असे अर्धे सत्य घेऊन म्हातारपण काढणे कठीण.

वाचकहो, तुमच्याही घरी माळ्यावर, कपाटाच्या तळाशी अशा कॅसेटी असतील. लग्नातली गाणी, वडिलांचे भाषण, आखातातून आलेल्या मुलाने पत्राऐवजी पाठवलेला आवाज. त्यांना फार काळ उरलेला नाही. २०१९ मध्ये युनेस्को आणि ध्वनिसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने इशारा दिला होता की चुंबकीय फिती वाचणारी यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग दुर्मीळ होत असून २०२५ च्या सुमारास हे काम फार अवघड होईल. तो काळ आला आहेच. म्हणून अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. आवाज उतरवताना प्रथम काहीही साफ न करता, न दाबलेली पूर्ण नक्कल करून ठेवा. साफसफाई करायची ती दुसऱ्या नकलेवर. तबकडी उष्णतेने आणि उजेडाने खराब होते, तेव्हा एकीवर विसंबू नका. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक वेगळ्या प्रकारच्या साधनावर आणि एक दुसऱ्या घरी. मूळ फीत टाकू नका. आणि कुणाला देण्यापूर्वी ती शेवटपर्यंत स्वतः ऐका. गाणे संपले तिथे थांबू नका.

हे शेवटचे काम कुठलाही संगणक आपल्यासाठी करणार नाही. अर्ध्या तासाच्या फितीला अर्धा तास बसावे लागते. मी तीस वर्षे बसलो नाही. त्यांतली पहिली नऊ वर्षे आजी हयात होत्या. मी तेव्हाच ती फीत ऐकली असती आणि एकदा त्यांच्याकडे जाऊन आलो असतो, तर कदाचित त्यांचे तोंड उघडले असते आणि लेकीला ते आईच्याच तोंडून ऐकायला मिळाले असते. ते ऋण आता फिटण्यासारखे नाही. निकालपत्रक सापडले की मला कळवा, एवढे मी गुरुजींना सांगून ठेवले आहे.